कॅनडाच्या पीआरची फाइल: नावं, तारखा आणि मुदती

आम्ही दोघं आणि लहान मूल, असं तिघांचं कुटुंब पुण्याहून ऑन्टारिओत कायमचं राहायला आलो. एजंट न धरता, एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या सरकारी पद्धतीतून पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, मिळवून. इथे आमची गोष्ट सांगायची नाही. फाइल कशी उभी करायची, ती कुठे अडते आणि का अडते, एवढंच लिहायचं आहे. आमच्या पाहण्यात महाराष्ट्रातल्या फाइली गुण कमी पडल्यामुळे जेवढ्या थांबतात, तेवढ्याच कागदावरची नावं आणि तारखा जुळत नाहीत म्हणूनही थांबतात. आणि हे दुसरं दुखणं पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

तरी आधी गुणांचा हिशोब करा. तो बसत नसेल तर पुढच्या कशावरही पैसे घालवू नयेत. भारतातून थेट येणाऱ्याला आधी फेडरल स्किल्ड वर्करच्या तक्त्यात १०० पैकी ६७ गुण लागतात. ते मिळाले की प्रोफाइल उमेदवारांच्या तलावात (पूल) पडते आणि तिथे सीआरएस या क्रमवारीच्या पद्धतीतल्या १२०० पैकी गुणांवर क्रम लागतो. एक उदाहरण घेऊ. मुख्य अर्जदार ३३ वर्षांचा, मास्टर्स झालेला, तीन वर्षांहून जास्त अनुभव, इंग्रजीत चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ९. जोडीदार पदवीधर आणि इंग्रजीत तोही सीएलबी ९. वयाचे ८०, शिक्षणाचे १२६, भाषेचे ११६, शिक्षण-अनुभव-भाषा यांच्या मेळाचे १००, जोडीदाराचे २८. एकूण ४५०. वयाचे गुण २९ पर्यंत पूर्ण १०० असतात आणि तिशीपासून दर वाढदिवसाला ५ गळतात, त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हा विचार महाग पडतो. मुख्य अर्जदार कोण, हे दोन्ही बाजूंनी गणित मांडूनच ठरवा. पुष्कळ घरांत नवऱ्याचं नाव सवयीने आधी टाकलं जातं आणि बायकोच्या नावाने दहा-पंधरा गुण जास्त येत असतात.

सीएलबी ९ म्हणजे आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगमध्ये लिसनिंगला ८ आणि रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७. यातलं रायटिंग सर्वांत जास्त घात करतं. वरच्याच उदाहरणात मुख्य अर्जदाराला रायटिंगमध्ये ७ ऐवजी ६.५ मिळाले तर भाषेचे ७ गुण जातात, शिवाय मेळाचे १०० चे ५० होतात. अर्ध्या बँडला ५७ गुण! एखादी पदविका जोडून किंवा आणखी वर्षभर नोकरी करून हा खड्डा भरून निघत नाही. म्हणून परीक्षा पुन्हा द्यायचा खर्च टाळू नका. पेपरात पहिलं काम १५० शब्दांचं पत्र असतं, दुसरं २५० शब्दांचा निबंध. निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. आपल्याकडचे परीक्षार्थी पत्र घोटत बसतात आणि निबंधाचा शेवटचा परिच्छेद गुंडाळतात. वीस मिनिटं झाली की पत्र सोडून द्यायचं, ही सवय घरी घड्याळ लावूनच लागते. निकाल दोन वर्षं चालतो.

४५० गुण आज पुरे आहेत का? सरळ सांगायचं तर नाहीत. ठरावीक गुणांच्या वरच्यांना तलावातून निमंत्रणं देतात, ती सोडत. २०२४ च्या एप्रिलमध्ये ५२९ ला जी सर्वसाधारण सोडत निघाली, त्यानंतर बराच काळ सोडती निघत राहिल्या त्या कॅनडातला अनुभव असलेल्यांसाठी, प्रांताचं नामांकन मिळालेल्यांसाठी, आरोग्यासारख्या ठरावीक क्षेत्रांसाठी आणि फ्रेंच येणाऱ्यांसाठी. नोकरीच्या ऑफर लेटरचे गुण तर २५ मार्च २०२५ पासून बंदच झाले, त्यामुळे कोणी 'जॉब ऑफर मिळवून देतो, ५० गुण वाढतील' असं सांगत असेल तर तिथून उठा. प्रांताच्या नामांकनाला ६०० गुण मिळतात, पण ते प्रांताच्या मर्जीवर. स्वतःच्या मेहनतीने उघडता येणारं दार आम्हाला एकच दिसलं: फ्रेंच. चारही भागांत एनसीएलसी (फ्रेंचसाठीची सीएलबीसारखी पातळी) ७ आलं आणि इंग्रजी किमान सीएलबी ५ असलं की ५० गुण, वर दुसऱ्या भाषेचे १२. म्हणजे ४५० चे ५१२. शिवाय फ्रेंचवाल्यांची सोडत वेगळी निघते. २१ मार्च २०२५ ला ती ३७९ पर्यंत खाली आली होती. दर वेळी इतकी खाली येत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि आलियाँस फ्राँसेज आहे, मुंबईतही आलियाँस आहे. शून्यापासून बी२ पातळीपर्यंत नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं धरा. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा हीच हवी. डीईएलएफचं प्रमाणपत्र इथे चालत नाही, आणि क्लासमध्ये बहुतेकांना तेच द्यायला लावतात.

आता नावांकडे येऊ. इथे थोडं थांबूनच वाचा.

आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव आणि पुष्कळदा शेवटी आईचं नाव छापलेलं असतं. समजा गुणपत्रिकेवर आहे 'जोशी स्नेहल अनिल सुनंदा'. लग्नानंतर पासपोर्ट झाला, त्यात नावाच्या रकान्यात 'स्नेहल अमित' आणि आडनावाच्या रकान्यात 'कुलकर्णी'. पॅनवर 'स्नेहल अमित कुलकर्णी'. कंपनीच्या रेकॉर्डला अजून 'स्नेहल जोशी'. बँकेत 'स्नेहल जोशी-कुलकर्णी'. आपल्याला ही एकच बाई दिसते. टोरंटोत बसलेल्या मूल्यांकन करणाऱ्याला चार दिसतात, कारण मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि लग्नानंतर तेही बदलतं, ही पद्धत त्याच्या ओळखीची नसते.

उपाय असा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना. त्याच्याशी जे जुळवता येईल ते आधी जुळवा: पॅन, आधार, बँक, कंपनीचं एचआर. शिक्षणाचे कागद बदलत नाहीत, बदलायच्या भानगडीत पडूही नका. माहेरचं नाव ते सासरचं नाव यातला दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत आत्ता नोंदणी करून घ्या. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली लग्न होऊन कितीही वर्षं झाली तरी विलंब शुल्क भरून नोंदणी होते. लग्नपत्रिका, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही जमवावी लागते. गुरुजी हयात नसतील किंवा सापडत नसतील तर प्रतिज्ञापत्रावर भागेल का, हे त्याच कचेरीत आधी विचारून घ्या. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचं पत्र कॅनडाच्या फाइलमध्ये विवाहाचा पुरावा म्हणून टाकू नका. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदललं असेल, जे आपल्याकडे अजून काही घरांत होतं, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंदच लागेल. आणि नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल, कुठे 'दीपक'मध्ये डबल ई तर कुठे आय, तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशा अर्थाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुरतं. त्यात जितक्या प्रकारे नाव लिहिलं गेलं आहे ते सगळे प्रकार एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येकासमोर कोणत्या कागदावर तो आहे हेही.

मुलांच्या जन्मदाखल्यात वेगळीच अडचण असते. बाळ जन्मल्यावर दवाखाना नोंद पाठवतो तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते आणि घरातलं कोणी पुन्हा तिकडे फिरकत नाही. नाव बारा महिन्यांच्या आत फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव नसलेला दाखला फाइलला जोडला तर ते मूल तुमचंच हे सिद्ध होत नाही. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं की सासरचं, तेही बघा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. पासपोर्ट काढताना नेमका तोच क्रम ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्षी मुलाच्या मागे दोन नावं लागतात. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ दाखल्याची प्रत, तिन्ही एकत्र जोडतात. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना.

शिक्षणाचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, बहुतेकजण वेस (डब्ल्यूईएस) या संस्थेकडून करतात. अहवाल पाच वर्षं चालतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करावं. वेसकडे खातं उघडलं की संदर्भ क्रमांक मिळतो. तो क्रमांक विद्यापीठाने पाठवायच्या पाकिटावर आणि आतल्या फॉर्मवर असलाच पाहिजे, नाहीतर पाकीट पोचूनही तुमच्या खात्याला लागत नाही. सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका लागतात. एटीकेटी लागली असेल तर त्या सत्राचीही पत्रिका. एखादी गहाळ असेल तर दुय्यम प्रत काढायला विद्यापीठात जो वेळ जातो, तो सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत लांब टप्पा ठरू शकतो. पाकीट विद्यापीठाने सीलबंद करून स्वतः पाठवायचं, किंवा सोय असेल तिथे थेट ऑनलाइन. ते आपण हातात घेऊन, उघडून, 'बघून' पुन्हा बंद केलं की बाद. कॉलेज मध्यंतरी स्वायत्त झालं असेल तर गुणपत्रिका कॉलेजची आणि पदवी विद्यापीठाची असते. मग कोणता कागद कोण साक्षांकित करणार, हे परीक्षा विभागात लेखी विचारा. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांचं मूल्यांकन वेसकडे होत नाही. त्यांच्यासाठी अनुक्रमे मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा आणि फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड आहे.

अनुभवाच्या पत्राबाबत आपल्या कंपन्या हटकून अडवतात. एचआर जे देतं त्यात 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक समाधानकारक' एवढंच असतं. कॅनडाला हवं असतं: लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुमची सगळी पदं त्यांच्या तारखांसह, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, आणि प्रत्येक पदावरची कामं. तास विसरू नका. ३० तास म्हणजे पूर्णवेळ, आणि तो आकडा नसला तर वर्षं मोजताच येत नाहीत. कामांचं वर्णन तुम्ही निवडलेल्या एनओसी गटाशी (कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतला गट) जुळलं पाहिजे, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी २१२३२. पण सरकारी यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवली की अधिकाऱ्याला ते लगेच कळतं. आपल्या रोजच्या कामाच्या शब्दांत सात-आठ ओळी लिहा आणि मसुदा एचआरच्या हातात आयता द्या. ते तयार नसतील तर ज्याच्या हाताखाली काम केलं त्या साहेबाचं नोटरी केलेलं निवेदन, सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, पीएफचं विवरण आणि मूळ पत्र का मिळालं नाही याचा खुलासा. राजीनामा देण्याआधीच हे पत्र हातात घ्या. एकदा बाहेर पडल्यावर तुमच्यासाठी कोणाला वेळ नसतो.

पैशांचा पुरावा हा आकड्यापेक्षा पत्राचा प्रश्न आहे. जुलै २०२५ पासून तिघांच्या कुटुंबाला २३,३६० कॅनडियन डॉलर लागतात, चौघांना २८,३६२. तिघांचे साधारण पंधरा लाख रुपये धरा, आणि रुपया घसरतो म्हणून वर दहा टक्के ठेवा. फ्लॅट, जमीन, सोनं यातलं काही मोजत नाहीत. उसने पैसे चालत नाहीत. पीपीएफ अडकलेला असतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बचत खातं आणि एफडी उत्तम. बँकेच्या पत्रावर खातेदाराचं नाव, प्रत्येक खात्याचा क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमच्यावर असलेलं कर्ज, हे सगळं यावं लागतं. आपल्या शाखांमध्ये 'बॅलन्स सर्टिफिकेट' म्हणून एक छापील फॉर्म असतो. त्यात फक्त आजची शिल्लक असते आणि तो पुरत नाही. मसुदा टाइप करून न्या, सोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट न्या, सरासरी स्वतः काढून त्यावर लिहून न्या. मॅनेजरला पडताळून सही करायला सोपं जातं. सहा महिन्यांत अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली हे सांगावं लागतं. आईवडिलांनी दिले असतील तर 'परत करायचे नाहीत' असं स्पष्ट लिहिलेलं बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्यातून गेल्याची नोंद. आणि ही शिल्लक व्हिसा हातात पडेपर्यंत खाली आणायची नाही.

निमंत्रण आलं की ६० दिवस मिळतात. पुष्कळ वाटतात, पण त्यात दोन कामं दुसऱ्यांच्या वेळेवर चालतात: पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) आणि मेडिकल.

पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातूनच घ्यायचं. आयुक्तालयातून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला यासाठी चालत नाही. फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच असेल तर काम झटपट होतं. भाड्याचं घर नुकतंच बदललेलं असेल तर पोलीस पडताळणी लागते आणि तिथे नोंदणीकृत भाडेकरार मागतात. नोटरीवाला करार पुढे केला की फेरा वाया जातो. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात, त्या प्रत्येक देशाचं पीसीसी लागतं. आयटीतल्या ज्यांनी अमेरिकेत ऑनसाइट काढलं आहे त्यांना एफबीआयचं, त्यासाठी बोटांचे ठसे. दुबई, सौदीचंही असंच. हे निमंत्रणाची वाट न बघता आधीच मागवा. बाहेरच्या देशाचं पीसीसी तो देश कायमचा सोडल्यानंतरचं असलं की पुरतं. सध्या राहता त्या देशाचं मात्र अर्ज भरतेवेळी सहा महिन्यांच्या आतलं लागतं.

मेडिकल २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाआधीच करावी लागते, आणि कॅनडाच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरकडेच. घरातल्या सगळ्यांची, बरोबर न येणाऱ्या मुलाचीही. छातीचा एक्स-रे ११ वर्षांपासून, रक्त १५ पासून. कोणाला पूर्वी क्षय होऊन गेला असेल किंवा एक्स-रेत जुना व्रण दिसला, तर सलग तीन सकाळी थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे जाऊ शकतात. अशा घरांनी उपचार पूर्ण झाल्याचे कागद आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म पहिल्याच भेटीला न्याव्यात. गरोदर बाईला एक्स-रे पुढे ढकलता येतो, पण फाइल तेवढी थांबते.

ऑनलाइन अर्जात गेल्या दहा वर्षांचा पत्ता आणि काय करत होतात ते महिन्यामहिन्याने भरावं लागतं, एकही महिना रिकामा न ठेवता. नोकऱ्यांच्या मधले दोन महिने 'बेरोजगार' लिहिण्यात कमीपणा नाही. ते लपवण्यासाठी रिलीव्हिंगची तारीख पुढे ओढली तर पीएफच्या नोंदीशी विसंगती दिसते, आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका आला तर पाच वर्षांची बंदी आहे. फी ३० एप्रिल २०२४ च्या दराने मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर, मुलाला २६०, दोघांच्या बायोमेट्रिक्सचे १७०. तिघांचे मिळून ३,४८०. ही फी दर दोन वर्षांनी वाढते, भरताना त्या दिवसाचा आकडा बघा. एजंट धरायचाच असेल तर तो कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक आहे का, हे त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत तपासा. खात्रीने पीआर देणारा परवानाधारक नसतो.

मंजुरी आली की कन्फर्मेशनच्या कागदावर एक मुदत छापलेली येते. ती मेडिकल किंवा पासपोर्ट, जे आधी संपेल त्यावर ठरते. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे सगळ्या घराची मुदत मुलाच्या पासपोर्टवर अडकलेली आम्ही पाहिली आहे. मुलाच्या पासपोर्टला दोन वर्षांहून कमी राहिली असतील तर सुरुवातीलाच नवा काढा.

निघण्याआधीची काही कामं भारतातच स्वस्तात होतात. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचं. पैसे बाहेर पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ घेतलेला कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण मधले महिने ते पैसे हाताशी नसतात. म्हणून शक्य असेल तर दोघांच्या खात्यांतून आणि मार्चच्या आत-बाहेर वाटून पाठवा. वडिलांच्या किंवा भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा आणि ते नोंदणीकृत करा. शेतजमीन वारसाने आली तर सातबारावर नाव ठेवता येतं, अनिवासी झाल्यावर नवी विकत मात्र घेता येत नाही. घेण्याचा व्यवहार अर्ध्यावर असेल तर तो निघण्याआधी पुरा करा.

सोन्याचं नीट करा. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी, जे काही नेणार किंवा नंतर आणणार, त्या प्रत्येकाचा फोटो आणि सराफाचं मूल्यांकनपत्र. विमानतळावर पहिल्याच दिवशी बीएसएफ१८६ फॉर्मवर बरोबर आणलेलं आणि मागून येणारं अशा दोन याद्या देतात. मागून येणाऱ्याच्या यादीत जे नाही ते पुढे आणताना ड्युटी लागू शकते, म्हणून सासूबाईंकडे ठेवलेले दागिनेही त्याच दिवशी यादीत घाला. १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर ती सांगावी लागते. सांगितली की कर लागत नाही, लपवली तर जप्त होते.

मुलाचं लसीकरण कार्ड बघा. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची एमआर लस देतात. ऑन्टारिओच्या शाळेला गालगुंडासह एमएमआर लागते, शिवाय मेनिंगोकोकलची, आणि २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. या दोन सरकारी कार्डावर नसतात. बालरोगतज्ज्ञाकडून लेटरहेडवर टाइप केलेली यादी घ्या: लसीचं नाव, तारीख, कितवा डोस. कार्डावर नुसते स्टिकर आणि डॉक्टरांचं वेडंवाकडं अक्षर असेल तर इथली नर्स तो डोस धरत नाही आणि पुन्हा टोचते. राहिलेल्या लसी इथे फुकट मिळतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आरटीओकडून लायसन्सचा उताराही आणा, त्यावर पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख हवी. त्याच्या आधारावर जी१ (ऑन्टारिओचं शिकाऊ लायसन्स) नंतरची थांबायची मुदत वाचते आणि थेट रोड टेस्ट देता येते.

इथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात सर्व्हिस कॅनडा या सरकारी कचेरीत जाऊन सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) घ्यायचा, नऊ आकडी, फुकट. त्याशिवाय पगार होत नाही. मग बँक, मग आरोग्य कार्ड. ऑन्टारिओत पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, मार्च २०२० पासून नाही. ब्रिटिश कोलंबियात अजून चालू महिना अधिक दोन महिने जातात, तेवढ्याचा खाजगी विमा भारतातूनच घ्या. चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म लगेच भरा. जुलै २०२५ ते जून २०२६ साठी सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर, सहा ते सतरासाठी ६,७४८. रक्कम उत्पन्नावर ठरते, आणि पहिल्या वर्षी येण्याआधीचं भारतातलं उत्पन्नही विचारतात, तो आकडा तयार ठेवा. पाळणाघराचा दर ऑन्टारिओत जानेवारी २०२५ पासून सहभागी केंद्रांत दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर आहे, पण प्रतीक्षायादी लांब असते. भारतातून निघण्याआधीच यादीत नाव टाका. मूल ज्या वर्षी चारचं होतं त्या सप्टेंबरपासून सरकारी शाळेत ज्युनिअर किंडरगार्टन फुकट, म्हणून लहान मुलं असणाऱ्यांनी शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये उतरावं. थंडी सुरू होण्याआधी घर, शाळा, बसचे रस्ते अंगवळणी पडतात.

घर आधी न बघता भाड्याचे पैसे भारतातून पाठवू नका, फसवणूक यातच होते. दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती खोली घ्या आणि इथे येऊन बघा. घरमालक क्रेडिट स्कोअर मागतो, तो तुमचा नसतो. त्याऐवजी बँक शिल्लक, ऑफर लेटर, पूर्वीच्या मालकाचं पत्र दाखवा. ऑन्टारिओत कायद्याने पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं एवढंच आगाऊ मागता येतं. पीआर कार्ड पोस्टाने येतं. पत्ता १८० दिवसांच्या आत कळवावा लागतो.

आईवडिलांचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आधीच निघतो, तर तोही स्पष्ट करून ठेवा. पालकांना पीआर देणाऱ्या योजनेत २०२० ते २०२५ या काळात जी निमंत्रणं निघाली ती २०२० साली नाव नोंदवलेल्यांमधूनच, त्यामुळे त्यावर बेत आखू नका. सुपर व्हिसा मात्र मिळतो: एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी तुमचं ठरावीक उत्पन्न, त्यांची मेडिकल आणि किमान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्यविमा लागतो. विम्याचा हप्ता वय आणि जुनी दुखणी बघून ठरतो. मधुमेह किंवा बायपास झालेली असेल तर 'आधीचा आजार स्थिर' याची अट नीट वाचून मगच पॉलिसी घ्या: निघण्याच्या थोडं आधी गोळीचा डोस बदलला तरी काही पॉलिसीत तो आजार विम्यातून बाहेर जातो. म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि औषधांत काही बदल करायचा असेल तर तो पुरेसा आधी करून घ्या.